राउंडेल काढताना आधी इंच, मग रंग

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९४४ च्या इंफाळ लढाईतले भारतीय हवाई दलाच्या क्रमांक १ स्क्वाड्रनच्या हरिकेन लढाऊ विमानाचे मॉडेल १/४८ मापात करायचे आहे. त्यानंतर स्वातंत्र्योत्तर काळातले, पांढऱ्या तबकडीवर निळे अशोकचक्र असलेले टेम्पेस्ट लढाऊ विमान १/७२ मध्ये. किटमधली डिकॅल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हे) ब्रिटिश आहेत. इंटरनेटवरची राउंडेलची, म्हणजे विमानावरच्या देशाच्या गोल चिन्हाची, चित्रे उतरवून छापून पाहिली, पण विमानावर ठेवल्यावर ती ‘कुठेतरी चुकल्यासारखी’ दिसतात. नेमके काय चुकते, आणि अचूक चिन्ह काढायचे कसे?

राउंडेल चित्र म्हणून उतरवले गेले, तिथेच बहुतेक वेळा चूक होते. राउंडेल हे मुळात माप आहे. खऱ्या विमानावर रंगाऱ्याने ते इंचात आखले, कारण त्याला मिळालेल्या आदेशात प्रत्येक वर्तुळाचा व्यास इंचातच दिलेला होता. आपणही तोच व्यास शोधायचा, मॉडेलच्या प्रमाणात आणायचा, आणि तोवर रंगाचा विचारही करायचा नाही. इंटरनेटवरची बरीच चित्रे पडद्यावर छान दिसावीत म्हणून काढलेली असतात. त्यांतली वर्तुळे कधी समान रुंदीची करून टाकलेली असतात, कधी कडा जाड केलेली असते. मोठ्या पडद्यावर हा फरक जाणवत नाही, पण आठ-दहा मिलिमीटरच्या तबकडीवर तेवढाच फरक डोळ्यात खुपतो.

ब्रिटिश राउंडेलपासूनच सुरुवात करावी लागते, कारण तुमच्या दोन्ही विमानांची परंपरा तिथूनच येते. १९१४ मध्ये फ्रान्समधल्या ब्रिटिश विमानांवर स्वतःचेच सैनिक जमिनीवरून गोळ्या झाडत होते. मग युनियन जॅक रंगवून पाहिला, पण त्यातला लाल क्रॉस लांबून जर्मनांच्या काळ्या क्रॉससारखा भासे. म्हणून फ्रेंचांचे गोल चिन्ह रंगांचा क्रम उलटवून घेतले: मध्ये लाल, मग पांढरा, बाहेर निळा. त्याचे व्यास १:३:५ या प्रमाणात असत. पुढे हे प्रमाण गरजेनुसार बदलत गेले, आणि मॉडेल करणाऱ्याने पाठ करायला हवे ते हेच. टाइप बी म्हणजे फक्त लाल आणि निळा, २:५. टाइप ए-वन म्हणजे जुन्या १:३:५ भोवती पिवळी कडा, १:३:५:७. आणि १९४२ च्या मध्यापासून टाइप सी, ३:४:८. त्यात पांढरा आणि पिवळा मुद्दाम बारीक केले, कारण हे दोन रंग लांबून फार उठून दिसत. पिवळ्या कडेसह तेच सी-वन होते, ३:४:८:९.

प्रमाण कळले की प्रत्यक्ष इंच सहज निघतात. लढाऊ विमानाच्या धडावरचे नेहमीचे सी-वन ३६ इंचांचे असे, म्हणजे लाल १२, पांढरा १६, निळा ३२ आणि पिवळा ३६. एक इंच म्हणजे २५.४ मि.मी., त्याला ७२ ने भागले की ०.३५३ मि.मी. म्हणजे १/७२ मध्ये हे चिन्ह १२.७ मि.मी.चे होते. लाल ४.२३, पांढरा ५.६४ आणि निळा ११.२९ मि.मी. व्यासाचा. पांढऱ्या कड्याची रुंदी खऱ्या विमानावर दोन इंच, मॉडेलवर जेमतेम ०.७ मि.मी. नजरेच्या अंदाजाने काढलेले कडे हमखास एक मिलिमीटरचे होते आणि सगळे चिन्ह बाळबोध दिसू लागते. तुमच्या छापील चिन्हांतली सगळ्यात बाहेरची आणि सगळ्यात आतली कडी आधी मोजून पाहा. मला वाटते चूक तिथेच सापडेल.

आता तुमचे हरिकेन. इथे किटमधले लाल रंगाचे काहीही वापरता येणार नाही. जपानी विमानावरचे चिन्ह म्हणजे लाल गोळा. धुमश्चक्रीत वैमानिकाला किंवा विमानविरोधी तोफेवरच्या जवानाला क्षणभर लाल दिसला, की तो गोळी झाडणारच. याच कारणासाठी अमेरिकनांनी मे १९४२ मध्ये आपल्या ताऱ्यातला लाल ठिपका काढून टाकला. भारत-ब्रह्मदेश आघाडीवरही १९४२-४३ मध्ये लाल हटला. आधी तो पांढऱ्याखाली झाकला गेला, मग गडद निळ्या तबकडीत फिकट निळा मध्य असे चिन्ह आले. साउथ ईस्ट एशिया कमांड (SEAC) या दोस्त राष्ट्रांच्या इथल्या संयुक्त कमांडवरून मॉडेल करणारे त्याला ‘सीॲक’ राउंडेल म्हणतात. शेपटीच्या पट्ट्यातही फिकट निळा पुढे आणि गडद निळा मागे, एवढेच दोन रंग राहिले.

स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली क्रमांक १ स्क्वाड्रनने इंफाळवरून हरिकेन उडवली तेव्हा भारतीय वैमानिकांच्या विमानांवर हेच चिन्ह होते. भारताचे म्हणून वेगळे चिन्ह त्यांच्याकडे नव्हते. म्हणून ‘भारतीय हवाई दल’ असे लिहिलेली तयार शीट घेऊन तिच्यातली तिरंगी तबकडी या हरिकेनवर लावू नका. ही चूक मी प्रदर्शनांतून अनेकदा पाहिली आहे, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण इंफाळला त्या मुलांनी जे केले ते नेमके या निळ्या-निळ्या चिन्हाखाली केले.

सीॲक राउंडेलचा आकार मात्र पाठ केलेल्या आकड्यावर सोडू नका. याच आघाडीवर मोठी तबकडी झाकून लहान केलेली, पांढरा मध्य तसाच राहिलेला, फिकट निळा तिथेच मिसळून केलेला, असे सगळे प्रकार होते. जुने मोठे चिन्ह ज्या हिरव्या-तपकिरी रंगाने झाकले, त्याचा ठिगळासारखा डाग काही छायाचित्रांत नव्या चिन्हाभोवती दिसतो. असा डाग दिसला तर तो जरूर रंगवा. तेवढ्याने मॉडेल एकदम त्या धावपट्टीवर जाऊन उभे राहते.

म्हणून छायाचित्रातून माप काढण्याची एक रीत सांगतो. मला हीच सगळ्यात विश्वासाची वाटते. त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीच्या विमानांवर धडाच्या मागच्या भागात जो अनुक्रमांक लिहीत, त्याची अक्षरे ठरलेली होती: आठ इंच उंच, पाच इंच रुंद, रेघ एक इंच जाड. ही अक्षरे म्हणजे विमानाने स्वतःच धरून ठेवलेली फूटपट्टी. छायाचित्र स्कॅन करून मोठे करा, कर्कटकाने किंवा सॉफ्टवेअरमध्ये अक्षराची उंची मोजा, मग राउंडेलचा व्यास. समजा अक्षर ३१ एकक आणि राउंडेल ६३ एकक आले, तर राउंडेल अक्षराच्या दुपटीहून किंचित मोठे, म्हणजे सोळा इंचांच्या आसपास. तिथे सव्वासोळा इंच लिहून ठेवण्यात अर्थ नाही. रंगाऱ्याने पूर्ण इंचातच आखले असणार, तेव्हा सोळा धरा. १/४८ मध्ये सोळा इंच म्हणजे ८.४७ मि.मी.

विमान तिरके उभे असेल तर वर्तुळ लंबगोल दिसते. अशा वेळी लंबगोलाचा मोठा अक्ष हाच खरा व्यास धरायचा, आणि आतल्या वर्तुळाचे प्रमाणही त्याच अक्षावर मोजायचे. मात्र अक्षर आणि राउंडेल कॅमेऱ्यापासून साधारण सारख्या अंतरावर असतील असेच छायाचित्र निवडा. नाकासमोरून घेतलेला फोटो कितीही देखणा असला तरी मोजायला निरुपयोगी.

दुसरा सापळा रंगांचा आहे, आणि त्यात मुरलेले लोकही फसतात. त्या काळी वापरात असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती. तिच्यावर लाल काळपट उतरतो, पिवळाही बराच गडद होतो, आणि निळा असतो त्याहून फिकट दिसतो. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर हे संबंध वेगळे असतात. याचा अर्थ असा की ऑर्थो फिल्मवरच्या फोटोत पिवळी कडा दिसत नाही म्हणून ती नव्हतीच, असे म्हणता येत नाही. तुमच्या हरिकेनच्या बाबतीत हे आणखी नाजूक आहे. फिकट निळा मध्य अशा फिल्मवर जवळजवळ पांढराच दिसतो. फोटोत मध्य पांढरा दिसला म्हणून तो पांढरा रंगवण्याआधी त्याच फोटोत खात्रीने पांढरी असलेली एखादी वस्तू शोधा, एखादा बनियन किंवा कागद, आणि तिच्याशी ताडून पाहा. मध्य तिच्याहून थोडाही गडद असेल तर निळ्याच्या बाजूने कौल द्या.

फोटो नेमका कुठल्या महिन्याचा आहे हेही तितकेच महत्त्वाचे. आदेश निघाला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळी विमाने रंगत नव्हती. नवे चिन्ह बहुधा विमान दुरुस्तीला किंवा रंगाला आत आले की चढत असे. एकाच तळावर एकाच आठवड्यात जुने आणि नवे चिन्ह शेजारी-शेजारी दिसू शकते. तेव्हा एखादे विशिष्ट विमान ठरवा, त्याचा अनुक्रमांक ठरवा, त्याचा फोटो मिळवा. आणि एक विनंती: चौकात किंवा शाळेच्या आवारात उभ्या केलेल्या जुन्या विमानावरून चिन्हाची मापे घेऊ नका. ऊन-पावसात राहिलेली ही विमाने पुनःपुन्हा रंगवली जातात. दर वेळी व्यास थोडा सरकतो आणि केशरी थोडा लाल होतो. त्यांच्यावरून आकार आणि पत्र्याचे जोड जरूर मोजा. रंगाचा पुरावा म्हणून त्यांचा उपयोग नाही.

संगणकावर काढताना इंकस्केपसारखे व्हेक्टर सॉफ्टवेअर घ्या आणि दस्तऐवजाचे एकक मिलिमीटर ठेवा. कडी ‘रेघ’ म्हणून काढू नका. वर्तुळाची रेघ परिघाच्या अर्धी आत आणि अर्धी बाहेर जाते, म्हणून १२ मि.मी.च्या वर्तुळाला १ मि.मी.ची रेघ दिली की चिन्ह प्रत्यक्षात १३ मि.मी.चे होते. ‘सगळे आकडे बरोबर टाकले, तरी मोठे का दिसते’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते. त्याऐवजी एकावर एक भरीव तबकड्या ठेवा: सगळ्यात मोठी खाली, त्यावर त्याहून लहान, रेघ शून्य. सगळ्यांचे केंद्र संरेखनाच्या आज्ञेने जुळवा, नजरेने नाही. पानाच्या कोपऱ्यात बरोबर १०० मि.मी.ची एक रेघ काढून ठेवा. छापल्यावर आधी ती मोजा. छपाईत ‘पानावर बसवा’ असा पर्याय चालू राहिला तर ती ९६-९७ भरेल, आणि मग सगळी मेहनत वाया. सुरुवातीची अनेक पाने मी याच कारणाने फेकली आहेत. तेव्हापासून ती रेघ मोजल्याशिवाय कात्रीला हात लावत नाही.

हरिकेनसाठी तर छपाई नकोच, असे माझे स्पष्ट मत आहे. दोनच वर्तुळे आहेत. ती रंगवली तर त्यांना रंगाचे अंग येते, डिकॅलची चकाकणारी फिल्म उरत नाही. कटिंग मॅटवर मास्किंग टेपमध्ये वर्तुळाकार कटरने ८.४७ मि.मी.चे भोक कापा आणि तो कापलेला टेप धडावर बसवा. आधी सगळीकडे फिकट निळा फवारा. तो वाळल्यावर मध्यावर लहान टेपची तबकडी चिकटवा आणि उरलेल्यावर गडद निळा फवारा. क्रम उलटा केला तर गडदावर फिकट चढवण्यासाठी थरांवर थर द्यावे लागतात आणि कडेला बांध तयार होतो. फिकट निळा करताना त्याच गडद निळ्यात पांढरा मिसळा, वेगळी आकाशी बाटली उघडू नका. तिथेही तो तसाच मिसळलेला होता, आणि म्हणूनच दोन्ही निळे एकमेकांचे सख्खे दिसतात. हरिकेनचे मागचे धड लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचे आहे. त्यावरचे बारीक उभार किटमध्ये असतातच, आणि फवारलेला रंग त्यांच्यावर विनासायास बसतो. डिकॅल लावलीत तर मऊ करणारे द्रव दोन-तीनदा लावावे लागेल. धडाच्या वक्रतेसाठी वर्तुळ ताणण्याची गरज नाही. खऱ्या विमानावरही ते त्याच वक्र पृष्ठावर आखले होते.

टेम्पेस्टचे गणित वेगळे आहे, कारण चक्राचे आरे मास्कने कापणे १/७२ मध्ये जवळजवळ अशक्य. इथे छपाई हवी, पण अर्धीच. घरगुती प्रिंटर पांढरा छापत नाहीत. पारदर्शक फिल्मवर छापलेला निळा गडद छद्मरंगावर ठेवला की मळून जातो. म्हणून आधी मास्क लावून पांढरी तबकडी रंगवा आणि तिच्यावर पारदर्शक फिल्मवर छापलेले फक्त निळे चक्र बसवा. पांढरा खाली असला की निळा हवा तसा खुलतो. इंकजेट असेल तर पाण्यात टाकण्याआधी डिकॅलवर पारदर्शक लॅकरचे पातळ दोन-तीन हात द्या, नाहीतर शाई उतरेल.

चक्र काढताना बैलगाडीच्या चाकाचे शब्द डोक्यात ठेवले की गोंधळ होत नाही: मध्ये तुंबा, त्यातून निघणारे आरे, बाहेर धाव. आरे चोवीस, म्हणजे प्रत्येकात १५ अंशांचे अंतर. पहिला आरा बरोबर उभा ठेवा, त्याचा फिरण्याचा बिंदू चक्राच्या केंद्रावर आणा आणि १५-१५ अंशांनी तेवीस प्रती काढा. राष्ट्रध्वजातल्या चक्राचा आरा काडीसारखा सरळ नसतो. तो तुंब्याशी बारीक, थोडे पुढे रुंद आणि धावेकडे पुन्हा टोकदार होतो. विमानावर तो तसाच होता की रंगाऱ्याने सरळ पट्टी ओढली होती, हे तुमच्या निवडलेल्या विमानाच्या फोटोवरूनच ठरवा. ध्वजाचे चक्र उचलून चिकटवू नका.

खरी अडचण तुंब्याजवळ येते. समजा मॉडेलवर चक्र १० मि.मी.चे आहे आणि तुंबा २ मि.मी.चा. तुंब्याचा परीघ ६.२८ मि.मी., म्हणजे प्रत्येक आऱ्याच्या वाट्याला, बाजूच्या मोकळ्या जागेसकट, पाव मिलिमीटर. आरा ०.१ मि.मी.चा धरला तर मधली फट ०.१६ उरते, आणि शाई थोडी पसरली की तुंब्याभोवती निळा चिखल होतो. यावर काही जण आरे कमी करतात. कृपया करू नका. मी एकदा विकत घेतलेल्या तयार शीटवर चक्राला वीस आरे होते, ते विमानावर बसल्यावर मोजले आणि सगळे काढून टाकावे लागले. अशोकचक्राचे आरे चोवीसच. फट वाचवायची असेल तर आऱ्याचे तुंब्याकडचे टोक ०.०६ पर्यंत बारीक करा, सर्वाधिक रुंदी थोडी बाहेर सरकवा, आणि ६०० ऐवजी १२०० डीपीआयवर छापा. आऱ्यांच्या मधले धावेवरचे छोटे ठिपके १/७२ मध्ये मी सोडून देतो, कारण ते धावेची कडा खडबडीत झाल्यासारखे दिसतात. १/४८ पासून पुढे ते घातलेच पाहिजेत.

हे चक्र थोडीच वर्षे राहिले. १९५० मध्ये प्रजासत्ताकाबरोबर आजची तिरंगी तबकडी आली: मध्ये हिरवा, मग पांढरा, बाहेर केशरी. पुढे कधी नाशिकजवळ ओझरला बनलेले मिग-२१ करायला घ्याल तेव्हा दोन गोष्टी पाहा. ध्वजाच्या सवयीने केशरी मध्यावर घालू नका. आणि रंग केशरी आहे. मराठी घरात भगवा म्हणताच डोळ्यांपुढे येणारा गेरूकडे झुकलेला रंग इथे चालत नाही. मॉडेलवर तो आणखी थोडा पांढरा घालून फिकट करावा लागतो, कारण इतक्या लहान आकारात शुद्ध रंग खऱ्यापेक्षा भडक भासतो.

शेपटीच्या पट्ट्याची एक गोष्ट राहिली. तुमच्या हरिकेनवर फिकट निळा दोन्ही बाजूंनी विमानाच्या नाकाकडे असतो. म्हणजे डाव्या बाजूचा पट्टा काढून उजवीकडे तोच चिकटवला तर गडद निळा पुढे येईल. संगणकावर दुसरी प्रत आडवी उलटवून घ्या, आणि मास्क कापत असाल तर दोन्ही टेपवर पेन्सिलीने नाकाच्या दिशेचा बाण काढून ठेवा.